सात नंबरचा आवाज

हे काम जोतीराम पानस्करने स्वतः मागून घेतलं. कुणी त्याच्या गळ्यात घातलं नव्हतं.

सांगलीतल्या एका मेडिकल कॉलेजात तो यंत्रं दुरुस्त करायच्या नोकरीवर होता. त्याआधीची अठरा वर्षं फौजेत गेली, सिग्नल्समध्ये, वायरलेसच्या सेटला कान लावून. हवालदार होऊन पेन्शनीत आला आणि वर्षभरात इथं चिकटला. ईसीजीचं मशीन वेड्यासारख्या रेघा ओढायला लागलं, लेक्चर हॉलमधला माईक शिट्ट्या मारायला लागला, की पानस्करांना बोलवा, असं ठरून गेलं होतं. तो यायचा, झाकण काढायचा, काम करायचा आणि जायचा. चहालाही थांबायचा नाही. बायको गेल्यापासून तर तो कुणाशी दोन वाक्यं जास्तीची बोललेला कुणी बघितला नव्हता.

१९९९ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका दुपारी तो हृदयविभागात ईसीजीच्या वायरी बदलायला गेला. नीलिमा मॅडम तिथं शिकवायच्या. त्यांच्या टेबलाशेजारी एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर कॉम्प्युटर सेक्शनचा सयाजी कपाळाला हात लावून बसला होता. सयाजी इस्लामपूरचा. आधी साखर कारखान्यात उसाच्या वजनाच्या पावत्या कॉम्प्युटरवर काढायचा. तोंडाचा मोकळा माणूस.

"मुकं हाय ते मुकंच हाय मॅडम," तो म्हणत होता. "कार्ड बसवलं, स्पीकर जोडलं, समदं केलं. आवाज म्हणून न्हाई."

मॅडमना आवाजाशीच काम होतं. त्यांच्या भावाने परदेशातून एक सीडी पाठवली होती. तीत हृदयाचे वीस आवाज होते. एक निरोगी हृदयाचा आणि एकोणीस बिघडलेल्या हृदयांचे. पोरं पुस्तक पाठ करून पास होतात, पण पेशंटच्या छातीला नळी लावली की त्यांना काही ऐकू येत नाही, अशी मॅडमची नेहमीची तक्रार. हे आवाज वर्गात शंभर वेळा ऐकवायचे, म्हणजे उद्या खेड्यात गेल्यावर यांचे कान चुकणार नाहीत, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. विभागाच्या वाट्याला जुना कॉम्प्युटर आला होता, त्यात विंडोज नव्हतं. म्हणून सयाजीने एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून लिनक्स घातलं. बाकी सगळं चाललं. आवाज तेवढा येईना.

जोतीराम वायरी बदलून निघाला होता. सीडीबरोबर आलेला कागद टेबलावर पडला होता, वीस आवाजांची यादी. सहज नजर गेली आणि सातव्या ओळीवर थांबली. मायट्रल स्टेनोसिस.

हे दोन शब्द त्याला पाठ होते. लीलाच्या मरणाच्या दाखल्यावर तेच होते.

"मॅडम," तो म्हणाला, "हे काम माझ्याकडं द्या."

सयाजीने मान वळवली. फौजेतून आलेल्या कुणालाही आमच्याकडे मेजर म्हणतात, मग तो शिपाई असो की हवालदार. "मेजर, ह्यो रेडिओ न्हाई. लिनक्स हाय."

"शिकंन."

"बघा बाबा. मी म्हयनाभर डोकं आपटून घेतलंय."

लीला जाऊन पावणेतीन वर्षं होत आली होती. पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात कारळेवाडी म्हणून वस्ती आहे, तिथं जोतीरामचं घर. घर वर आणि पाणी खाली. लीला पाणी घेऊन चढ चढायची तेव्हा दोन ठिकाणी बसायची. जोतीरामची आई बनुबाई दारातून ओरडायची, "दोन हंड्याला धा जागी बसती गं! आमी ह्या वयात एका दमात येतो." लीला हसायची. रजेवर आलेला असला तर जोतीरामही हसायचा. दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदा पोट पडलं. पत्रात ती लिहायची, सगळं ठीक आहे, तुम्ही तिकडं जिवाला जपा. पुढं तो सांगलीला नोकरीला लागला तरी ती आईजवळच राहिली, आणि तो शनिवारचा शनिवार घरी जायचा.

मग एक दिवस भर दुपारी ती चढावर बसली आणि उठलीच नाही. जीपमध्ये घालून कराडला नेली. संध्याकाळच्या आत संपलं. तिथला डॉक्टर वयाने लहान होता, पण नीट बोलला. म्हणाला, "झडप आकसली होती. लहानपणी ताप येऊन सांधे धरले होते का?" जोतीरामला माहीत नव्हतं. लहानपणी तो तिच्याजवळ कुठं होता? "वर्षानुवर्षं छातीत आवाज येत असणार," डॉक्टर म्हणाला. "कुणी ऐकला असता तर इलाज होता. फुगा घालून झडप उघडता येते."

कुणी ऐकला असता तर.

हे वाक्य जोतीरामच्या मागं लागलं ते सुटलं नाही. कसला आवाज? किती मोठा? मोठ्या डॉक्टरने यंत्र लावूनच ऐकू यावा इतका बारीक असेल, तर घरातल्या कुणाचा दोष नव्हता. तसा नसेल, तर मग काय? हे त्याने कुणाला विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. कॉलेजात शंभर डॉक्टर होते, त्यांच्या शेजारून तो पावणेतीन वर्षं मान खाली घालून गेला. आता तोच आवाज सात नंबरला होता, माणसाला विचारायची गरज नव्हती, फक्त एक यंत्र चालू करायचं होतं. आणि जोतीरामला एवढंच हवं होतं की तो आवाज अगदी बारीक निघावा. साध्या माणसाच्या कानाला कधीच कळला नसता, असा.

रोज चारनंतर तो त्या खोलीत बसायला लागला. साडेपाचला सयाजी कुलूप लावायला यायचा. सयाजीने त्याला मदतीची तीस पानं छापून दिली, सगळी इंग्रजीत. फौजेत सेटची पुस्तकं इंग्रजीतच असायची, त्यामुळे जोतीरामचं अडलं नाही. बोट ठेवून एकेक ओळ वाचायचा आणि न कळलेल्या ओळीपुढे पेन्सिलीने फुली मारायचा.

"ह्यात बी कर्नल असतोय बरं का मेजर," सयाजी म्हणाला. लिनक्सच्या गाभ्याला, कर्नेलला, तो कर्नल म्हणायचा. "समदा कारभार त्येच्या हातात. त्येला इचारल्याबिगर हितं कायबी हलत न्हाई."

"आणि ड्रायव्हर म्हंजी?"

"ड्रायव्हर म्हंजी दुभाषा. कर्नलची भाषा कार्डाला कळत न्हाई, कार्डाची कर्नलला कळत न्हाई. मधला गडी नीट पायजे. चुकीचा ठेवला तर दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसत्यात."

"आमच्या बटालियनला बी असा एक हुता," जोतीराम म्हणाला. सयाजी खूश झाला. मेजर बोलला म्हणून.

आठवड्याने पहिला आवाज निघाला. आवाज म्हणजे काय, नुसतं ठक. ठक. ठक. एकच तुकडा परत परत, खिळा ठोकल्यासारखा, आणि मग सगळा कॉम्प्युटरच अडकून बसला.

"ह्यो कंचा रोग म्हणायचा?" सयाजीने विचारलं.

"रोग न्हाई. लाइनवर दोघं हायत."

त्याने ते कागदावर शोधून काढलं. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक कार्डाला हाक मारायला एक नंबर दिलेला असतो. साउंड कार्डाने पाच नंबर धरला होता आणि नेटवर्कच्या कार्डानेही पाचच. एकाच लहरीवर दोन ठाणी बोलायला लागली की कुणाचाच निरोप पोचत नाही, हे जोतीरामला सांगायला नको होतं. कार्डांच्या नंबरांची एक फाइल होती. शंभरेक ओळी, बहुतेक ओळींच्या सुरुवातीला एक खूण. खूण असेल तोवर ओळ झोपलेली. ती खूण खोडली की ओळ जागी होते. त्याने हव्या त्या चार ओळी जाग्या केल्या आणि साउंड कार्डाला पाचावरून दहावर नेलं.

ड्रायव्हर निवडायच्या वेळी सयाजी मागं उभा होता. यादी लांबलचक होती. कार्ड स्वस्तातलं, त्याच्यावर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं. "वरचंच घ्या," सयाजी म्हणाला. "जुनं कार्ड हाय ते, समद्यास्नी चालतंय."

जोतीरामने वरचं घेतलं. बटण दाबलं. आणि स्पीकरमधून खरोखर आवाज आला.

"वाजलं की! मेजर, वाजलं!" सयाजीने टेबलावर थाप मारली. "उद्या मॅडमची सही घ्या आन् मोकळं व्हा."

जोतीरामने सरळ सात नंबर लावला. बाकीचे आवाज त्याला नको होते. तव्यावर पाणी पडल्यासारखी चरचर आली आणि तिच्याखाली कुठंतरी लगबगीने काहीतरी धडपडत होतं. त्याने कान स्पीकरला टेकवला. तीनदा लावलं. चरचर आणि धडपड. याहून जास्त काही नाही.

हे कुणाला ऐकू आलं असतं? देवालाही नसतं आलं.

त्या दिवशी खानावळीत त्याने दोन चपात्या जास्त मागून घेतल्या. वाढणारी बाई बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. तो घरी गेला, आणि चुलीपुढं बसून आईला म्हणाला, "आये, लीलाच्या छातीत आवाज येत हुता म्हणून डॉक्टर बोलला हुता बघ."

बनुबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. लीलाचं नाव त्या घरात कुणी काढत नव्हतं.

"मी ऐकला त्यो. कॉलेजात. कायबी कळत न्हाई त्यातलं. कुणालाच ऐकू आला नसता."

"व्हय?"

"व्हय."

बनुबाईने भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मग आमचं कुणाचं चुकलं न्हाई म्हण की."

जोतीरामने मान हलवली. म्हातारीने पदर डोळ्यांना लावला आणि तव्यावरची भाकरी करपली. ती करपलेली भाकरी तिने त्याला दिली नाही, स्वतः खाल्ली.

रविवारी एसटीने परत येताना मात्र जोतीरामला स्वतःशी कबूल करावं लागलं. सीडीबरोबरच्या कागदावर सात नंबरपुढे लिहिलं होतं, मिनिटाला ठोके बहात्तर. शुक्रवारी स्पीकरला कान लावला तेव्हा त्याची नजर घड्याळावर होती आणि त्याने मोजले होते. मुद्दाम नाही. अठरा वर्षांची सवय, कानावर काही पडलं की मोजायचं. ठोके नव्व्याण्णव भरले होते.

म्हणजे जे ऐकलं ते सीडीतल्या त्या माणसाचं हृदय नव्हतंच. जे वाजलं ते चुकीच्या वेगाने वाजलं होतं. आणि ती चरचर काही छातीतली नव्हती, दुभाष्याची होती. हे त्याला शुक्रवारीच कळलं होतं. कळूनही त्याने दोन चपात्या जास्त खाल्ल्या होत्या, आणि आईला जाऊन सांगितलं होतं.

सोमवारी मॅडम जिन्यात भेटल्या. "पानस्कर, सयाजी म्हणाला झालं म्हणे काम?"

हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. मॅडमनी वर्गात लावून बघितलं असतं, चरचर ऐकून सीडीच खराब आहे म्हणाल्या असत्या आणि कपाटात टाकली असती. जोतीरामचा हात कठड्यावर होता. कठडा गार होता.

"अजून न्हाई मॅडम," तो म्हणाला. "आवाज येतोय, पण खरा न्हाई येत."

त्या दिवशी त्याने कॉम्प्युटरचं झाकण काढलं, कार्ड उपसून काढलं आणि उजेडात धरलं. चिपवर बारीक आकडे होते. ईसीजी विभागातलं भिंग आणून ते त्याने वहीत उतरवले. तीस पानांत तो आकडा सत्ताविसाव्या पानावर सापडला. त्या कार्डाचा दुभाषा वेगळाच होता. वरच्या नावाचा जुना दुभाषा त्याला जेमतेम चालवून घेत होता, पण बारीक बोलणं त्याला कळत नव्हतं, फक्त मोठ्याने ओरडलेलं कळत होतं. मधलं सगळं तो चरचरीत बुडवत होता.

नवीन ड्रायव्हर बसवायला तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी कार्ड पुन्हा मुकं झालं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की आवाजाची पट्टी शून्यावर आहे. लिनक्स सुरू होतानाच सगळे आवाज बंद ठेवायचं, ते आपण उघडायचे. तिसऱ्या दिवशी वेगाचा उलगडा झाला. सीडीवरच्या फाइलींत वेग लिहिलेलाच नव्हता. आपण सांगितला नाही तर कॉम्प्युटर आपल्या मनाने सेकंदाला आवाजाचे अकरा हजार तुकडे धरायचा. कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं, आठ हजार.

टेबलावरचे स्पीकर मुठीएवढे होते. खालच्या पट्टीतला आवाज त्यांतून निघायचा नाही, म्हणून त्याने लेक्चर हॉलमधला अँप्लिफायर आणि स्पीकरचा मोठा खोका उचलून आणला. आपण हे सगळं का करतोय हे त्याला कळत होतं. त्या आवाजाला लपायला जागा ठेवायची नव्हती.

गुरुवारी चार वाजून गेल्यावर त्याने आठ हजार लिहिलं, सात नंबर लिहिला आणि बटण दाबलं.

चरचर नव्हती. आधी ठक. मग बारीक टिक. आणि मग ते आलं. खालून, खरखरीत, फिरत फिरत, पुढच्या ठकपाशी येताना जरा जोर धरणारं. ठक. टिक. घर्रर्र. ठक. टिक. घर्रर्र.

जोतीरामने तो आवाज लगेच ओळखला. ओळखायला एक ठोकाही जास्त लागला नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच रजेत त्याने तो ऐकला होता. लीला डाव्या कुशीवर झोपायची आणि तो तिच्या छातीला डोकं लावून पडायचा. "तुझ्या छातीत जातं फिरतंय गं," तो म्हणाला होता. "फिरंल न्हाईतर काय," ती म्हणाली, "दोन म्हयन्यांत परत जाणार, त्या वाटंची शिदोरी नको का?" तेव्हापासून ती त्यांची दोघांचीच थट्टा होती. रजेवर आला की पहिल्यांदा कान लावायचा. दळण चालू हाय का? हाय की. तिकडं डोंगरातल्या ठाण्यावर हेडफोनमध्ये नुसती खरखर यायची, तेव्हा त्याला ते जातं आठवायचं आणि बरं वाटायचं. दर साली आवाज जरा भरड होत गेला. शेवटच्या साली तर कान न लावता, नुसता हात ठेवला तरी हाताला लागायचा. "औंदा दळण जास्त हाय," तो म्हणाला होता. ती हसली होती आणि हसता हसता तिला धाप लागली होती. ती धाप हसण्याची आहे असं त्याला वाटलं.

फाइल संपली. त्याने पुन्हा लावली.

दार उघडून नीलिमा मॅडम आत आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. "अरे वा! पानस्कर, हेच! बरोबर हेच! अहो, पुस्तकात लिहितात तसं ऐकू येतंय." त्यांनी खुर्ची ओढली आणि डोळे मिटून दहा-बारा ठोके ऐकले. "मुलांना हाच सगळ्यांत अवघड जातो."

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा की."

"नळी न लावता येतो का हा ऐकू? नुसता कान टेकला तर?"

"येतो ना. नळी निघायच्या आधी डॉक्टर कानच टेकवायचे," मॅडम उत्साहाने सांगायला लागल्या. "पेशंटला डाव्या कुशीवर झोपवायचं, मग चांगला येतो. आजार वाढलेला असला तर हात ठेवला तरी कळतं. मांजर घुरघुरतं ना, तसं हाताला लागतं." आणि मग त्यांनी जोतीरामच्या चेहऱ्याकडं बघितलं. "का हो?"

"माझ्या घरात हुतं हे."

मॅडमनी हात पुढं करून आवाज बंद केला.

"तुम्ही ऐकलं होतंत?"

"सोळा वर्षं."

बाहेर पोर्चमध्ये कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. शेवटी ती सुरू होऊन निघून गेली.

"माझं कामच ते हुतं मॅडम," जोतीराम म्हणाला. "खरखरीत निरोप ओळखायचा. आमच्या कंपनीत माझ्यासारखा कान नव्हता कुणाचा. साहेब स्वतः म्हणायचे."

"पानस्कर, बायकोशिवाय आणखी कुणाच्या छातीला कधी कान लावला होता तुम्ही?"

"न्हाई. आणि कुणाच्या लावणार?"

"मग चांगली छाती कशी वाजते, हे तुम्हाला कुठून कळणार होतं? फौजेत आधी शिकवलं असेल ना, खरा निरोप कसा असतो ते? हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं?"

ती समजूत होती की नुसती खरी गोष्ट होती, हे जोतीरामला ठरवता आलं नाही. मॅडमना वॉर्डातून बोलावणं आलं. त्या उठून गेल्या.

आईला सांगितलेलं तसंच राहू दे, असं त्याने ठरवलं. म्हातारीचे किती दिवस राहिलेत. खरं काय ते एकट्याने ठेवून घेता येईल.

मग त्याने एक नंबर लावला. निरोगी हृदय. इतक्या दिवसांत तो एकदाही लावून बघितला नव्हता.

लब. डब. आणि पुढं काही नाही. लब. डब. काही नाही. जोतीरामला वाटलं, खोक्याची वायर सैल झाली. त्याने उठून वायर दाबून बघितली, अँप्लिफायरची पिन काढून पुसून परत बसवली. लब. डब. काही नाही. वायर घट्ट होती. सगळं ठीक होतं. ती जागा मोकळीच असायची. प्रत्येक माणसाच्या छातीत ती मोकळीच असते, आणि हे त्याला वयाच्या चाळिसाव्या वर्षी, एका खोक्यातून कळत होतं. त्याला ते माणसाचं काळीज वाटेना. रिकाम्या घरातलं घड्याळ वाटलं.

साडेपाचला किल्ल्या खुळखुळवत सयाजी आला. "आवं मेजर, काय भारी वाजतंय! व्हरांड्यापतुर ऐकू येतंय. ह्योच का तुमचा आजार?"

"न्हाई. ह्ये चांगलं हाय."

"मग चांगलं ऐकून असं तोंड का? चला, कुलूप लावायचंय."

"सयाजीराव, जरा हिकडं या. शर्टाची बटणं काढा."

"आं?"

"दोन मिंटं."

"आवं, खुळं का काय तुमी? कुणी बघितलं तर गावभर व्हईल. बायकोनं बी कवा असं फर्मान सोडलं न्हाई माझ्या." सयाजी हसत होता. मग त्याने जोतीरामकडं नीट बघितलं, आणि हसायचं थांबला. दाराकडं एकदा नजर टाकून त्याने बटणं काढली.

जोतीराम वाकला आणि त्याच्या छातीला कान लावला. बनियनला घामाचा आणि तंबाखूचा वास होता. जन्मात ऐकलेली ही दुसरी छाती.

"काय हाय का आत?" सयाजीने हळूच विचारलं. "का जातोय मी?"

"गप ऱ्हावा."

लब. डब. जोतीराम थांबला. लब. डब. प्रत्येक वेळी तो त्या मोकळ्या जागेत थांबत होता, आता दगड फिरेल म्हणून. फिरत नव्हता. अर्धं मिनिट झालं, मिनिट झालं. सवयीने त्याने मोजायला घेतलं होतं, पण आकडे मधेच कुठं सुटले ते त्याला कळलं नाही.

"मेजर, बरं हाय न्हवं माझं?"

"चांगलं हाय," जोतीराम म्हणाला. "लय चांगलं हाय."

पण त्याने डोकं उचललं नाही. सयाजीला बनियनवर ओल लागली. किल्ल्यांचा जुडगा हातात होता, त्या हाताचं काय करावं हे त्याला सुचेना. शेवटी त्याने तो जुडगा आवाज न करता टेबलावर ठेवला, आणि तसाच उभा राहिला.